काकांची वही आणि नोंदीचा चौकोन

गेल्या खेपेला आपण स्प्रेडशीटमध्ये सूत्रं कशी लिहायची ते पाहिलं. पुढची पायरी म्हणून कोडमधून शीटमध्ये बटण, यादी आणि टिकचा चौकोन कसा आणायचा ते सांगेन असं कबूल केलं होतं. एखादं खोटं उदाहरण घेऊन सांगणार होते. पण मधल्या काळात घरातच खरं उदाहरण घडलं, तेच सांगते. थोडं घरगुती आहे, पण आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांची अशी एखादी शेती मागे गावाकडे आहेच.

आमचं मूळ गाव डोईफोडिया. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तालुक्यात. राज्य मध्य प्रदेश, पण महाराष्ट्राची सीमा जवळ. त्यामुळे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भांडताना दोन्ही. बुऱ्हाणपूर म्हणजे केळीचा जिल्हा. सरकारच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत या जिल्ह्याच्या नावापुढे केळीच लिहिलेली आहे. आमच्या शेतातही केळीच. शेत काका बघतात. बाबा नोकरीमुळे पन्नास वर्षांपूर्वी बाहेर पडले ते पडलेच. वाटणी कधी केली नाही. खर्च वजा जाता विक्रीचे निम्मे पैसे काका बाबांना पाठवतात. कागद नाही, करार नाही. आहे ती काकांची लाल कापडी बांधणीची वही.

वहीत काका वजन असं लिहितात: १८-४०. म्हणजे १८ क्विंटल ४० किलो. पुढे भाव, पुढे रक्कम. वर्षानुवर्षं हीच पद्धत. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, हा हिशेब फोनवरच्या गूगल शीटमध्ये भरायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. बाबांना घरबसल्या दिसावं, फोनवर आकडे विचारत बसायला नको.

आणि इथेच गाडी अडली. दिवाळीच्या सुमारास काकांनी फोनवर तोंडी एक आकडा सांगितला होता, वहीतून बेरीज करून. नंतर दादाने शीट बघून पैसे पाठवले ते त्यापेक्षा १३,३४० रुपयांनी कमी. बाबा काही बोलले नाहीत. “असेल काही खर्च,” एवढंच म्हणाले. पण रविवारचा फोन आधी अर्धा तास चालायचा तो दहा मिनिटांवर आला. आई म्हणाली, “विचारून टाका ना.” बाबा म्हणाले, “भावाला हिशेब विचारू?” तिकडे काकांनाही जाणवत होतं, दादा तोडून का बोलतोय. पण विचारायचं कुणी?

शेवटी मी ते शीट उघडून बसले. बेरीज बरोबर दिसत होती. एकेक ओळ बघत गेले, तर एका ओळीत रक्कम शून्य. वजनाच्या रकान्यात लिहिलं होतं १८-४०.

झालं असं होतं. एरवी दादा १८.४० असं बिंदू देऊन भरायचा. त्या दिवशी तो बुऱ्हाणपूरला गेला होता, म्हणून काकांनी स्वतः भरलं, वहीत लिहितात तसंच. शीटला १८-४० हा आकडा वाटत नाही. तारीखही वाटत नाही, कारण चाळिसावा महिना नसतो. मग ते त्याला साधा मजकूर समजतं. मजकुराला भावाने गुणता येत नाही, म्हणून तिथे चुकीची खूण यायला हवी होती. पण दादाने सूत्राला ‘इफ-एरर’चं आवरण घातलं होतं, चूक आली तर शून्य दाखव असं. का? तर “ती खूण दिसायला घाण दिसते.” भाव होता १,४५० रुपये. १८.४० गुणिले १,४५० म्हणजे २६,६८० रुपये. त्याचे निम्मे १३,३४०. जेवढे कमी आले होते, नेमके तेवढेच.

त्या संध्याकाळी दादाने पैसे पाठवले आणि बाबांनी काकांना फोन केला. ते सगळं इथे सांगत नाही. फोन पाऊण तास चालला एवढं सांगते.

पण मुद्दा पुढचाच होता. काका म्हणाले, “बेटा, मला वहीसारखं करून दे. मी चुकलो तर त्यानेच मला तिथल्या तिथे सांगायला पाहिजे. नंतर भावाच्या घरी कळायला नको.”

तीन चुका, तीन स्वभाव

काम सुरू करायच्या आधी मी जुन्या सगळ्या ओळी तपासल्या. तीन प्रकारच्या चुका सापडल्या. या नीट समजून घ्या, कारण फॉर्म कशासाठी करायचा ते यातच आहे.

पहिली, ओरडणारी चूक. काकांनी एकदा १२-०५ भरलं होतं, म्हणजे १२ क्विंटल ५ किलो. शीटने ती १२ मे ही तारीख मानली. शीटच्या पोटात प्रत्येक तारीख म्हणजे १९०० सालाच्या आसपासून मोजलेल्या दिवसांचा आकडा असतो, आणि हल्लीच्या वर्षांत तो पंचेचाळीस हजारांच्या पुढे आहे. त्याला १,४०० च्या भावाने गुणल्यावर काकांनी एका दुपारी सहा कोटींच्या वर केळी विकली असं दिसलं! सगळे हसले, दादाने लगेच दुरुस्त केलं. अशा चुकीची भीती नाही. आणि काकांना नावं ठेवायचं कारण नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांचीही हीच गत झाली होती. ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ने सुरू होणाऱ्या जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करून टाकत असे. शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली.

दुसरी, गप्प बसणारी चूक. तीच आपली १८-४०. काही दिसत नाही, फक्त बेरीज कमी येते.

तिसरी, सोंग घेतलेली चूक. ही मला सर्वांत शेवटी सापडली. एके ठिकाणी १२.५ लिहिलं होतं. वहीत त्या दिवशी होतं १२-५, म्हणजे १२ क्विंटल ५ किलो. शीटमध्ये त्याचे झाले साडेबारा क्विंटल, म्हणजे १२ क्विंटल ५० किलो. फरक ४५ किलोंचा. १,४०० च्या भावाने ६३० रुपये जास्त. इथे कुठलीही तपासणी उपयोगाची नाही, कारण १२.५ हा अगदी सभ्य आकडा आहे.

या तिसऱ्या चुकीवर औषध एकच. वजन एका रकान्यात घ्यायचंच नाही. क्विंटल वेगळे, किलो वेगळे. काका तोंडाने जसं बोलतात तसंच शीटने विचारायचं. जोडाजोडी कोडने करायची: क्विंटल अधिक किलो भागिले शंभर.

कोडने काय काय केलं

गूगल शीटमध्ये ‘एक्स्टेन्शन्स’ या मेनूत ‘ॲप्स स्क्रिप्ट’ आहे. तिथे जावास्क्रिप्टमध्ये कोड लिहितात. शाळेत थोडी जावास्क्रिप्ट शिकलेल्या कुणालाही जमेल. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देते. टाइप करायला लागलात की पहिल्या दोन-चार अक्षरांतच संपादक पूर्ण नाव सुचवतो.

मी दोन पानं केली. एक ‘नोंद’, दुसरं ‘वही’. ‘नोंद’ पानावर फक्त सहा गोष्टी, एकाखाली एक: तारीख, मालाचा प्रकार, क्विंटल, किलो, भाव आणि शेवटी एक चौकोन.

मालाच्या प्रकारासाठी खाली उघडणारी यादी हवी. त्यासाठी ‘न्यू-डेटा-व्हॅलिडेशन’ने नियम बनवायला घ्यायचा. त्यावर ‘रिक्वायर-व्हॅल्यू-इन-लिस्ट’ लावून यादी द्यायची. आमची यादी: नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी. मग ‘बिल्ड’ने नियम पक्का करायचा आणि ‘सेट-डेटा-व्हॅलिडेशन’ने त्या खान्याला चिकटवायचा. आता काकांना टाइप करावं लागत नाही. आणि ‘पिलबाग’, ‘पील बाग’, ‘पिल’ असे एकाच मालाचे तीन माल होत नाहीत.

क्विंटल आणि भाव यांना ‘रिक्वायर-नंबर-ग्रेटर-दॅन-ऑर-इक्वल-टू’ने शून्याची मर्यादा, किलोला ‘रिक्वायर-नंबर-बिट्वीन’ने ० ते ९९. तारखेला ‘रिक्वायर-डेट’. यात दोन गोष्टी विसरू नका. एक, ‘सेट-अलाउ-इनव्हॅलिड’ला ‘फॉल्स’ सांगा. नाहीतर शीट कोपऱ्यात नुसती लाल खूण करतं आणि चुकीचा आकडा ठेवून घेतं. दुसरं, ‘सेट-हेल्प-टेक्स्ट’मध्ये सूचना आपल्या भाषेत लिहा. मी लिहिलं: “किलो ० ते ९९ मध्येच. शंभर झाले की एक क्विंटल वाढवा.” इंग्रजी धमकीपेक्षा हे बरं.

मेलेलं बटण

आता ‘नोंद करा’ या बटणाची गोष्ट. मी पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं. ‘इन्सर्ट’ मेनूतून एक चित्र काढलं, हिरवा गोल कोपऱ्यांचा चौकोन, आणि त्याला माझं कोड जोडलं. लॅपटॉपवर झकास चाललं. मी खुशीत काकांना पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

“बटन मेलेलं आहे का गं? दाबून दाबून अंगठा दुखला.”

कारण असं: गूगल शीटमध्ये चित्राला जोडलेलं कोड संगणकावरच्या ब्राउझरमध्ये चालतं, फोनच्या ॲपमध्ये चालत नाही. आणि काका लॅपटॉप कधीच उघडणार नाहीत. वजनकाट्याशेजारी उभं राहून खिशातल्या फोनवरच सगळं करायचं. ज्याच्यासाठी बनवलं त्याच्या हातातल्या वस्तूवर मी ते एकदाही चालवून पाहिलं नव्हतं. हा धडा मी नोकरीत दुसऱ्यांना सांगत असते.

उपाय म्हणजे टिकचा चौकोन. गूगल शीटमध्ये तो २०१८ साली आला. कोडमध्ये ‘इन्सर्ट-चेकबॉक्सेस’ म्हटलं की झालं. चौकोन हे चित्र नसून तो खान्यातलाच मजकूर आहे. टिक केली की खान्यात ‘ट्रू’ येतं, काढली की ‘फॉल्स’. म्हणजे टिक करणं हा शीटमधला बदल झाला. आणि बदल झाला की आपोआप धावणारं ‘ऑन-एडिट’ नावाचं फंक्शन असतं, ते फोनवरून केलेल्या बदलालाही धावतं. म्हणून चौकोनालाच बटण केलं.

माझं फंक्शन या क्रमाने चालतं.

आधी विचारतं, बदल कुठल्या पानावर, कुठल्या खान्यात झाला? ‘नोंद’ पानावरचा चौकोन नसेल तर तिथूनच परत. मग विचारतं, नवी किंमत ‘ट्रू’ आहे का? नंतर पाचही खाने भरलेत का ते बघतं. एखादा रिकामा असेल तर बाजूच्या खान्यात लिहितं, “भाव राहिला,” आणि थांबतं. सगळं असेल तर क्विंटल-किलो जोडतं, भावाने गुणतं, ‘अपेंड-रो’ने ‘वही’ पानाच्या शेवटी एक ओळ लिहितं, खाने रिकामे करतं, टिक काढतं. आणि बाजूला वाचून दाखवतं: “नोंद झाली. १८ क्विंटल ४० किलो, भाव १,४५०, रक्कम २६,६८०.”

हे वाचून दाखवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मंडीत दोन माणसं हिशेब करतात तेव्हा एक बोलतो आणि दुसरा तेच परत म्हणतो ना, तसं. काकांना सांगितलंय, टिक आपोआप निघाली म्हणजे नोंद झाली. टिक तशीच राहिली म्हणजे झाली नाही.

दोन बारकावे. टिक कोडने काढली की ‘ऑन-एडिट’ पुन्हा धावून गोल गोल फिरणार नाही का? गूगल शीटमध्ये नाही, कारण कोडने केलेल्या बदलाला ते धावत नाही. दुसरं, ‘वही’ पानाला मी कुलूप लावलं, कुणी हाताने खाडाखोड करू नये म्हणून. पण साधं ‘ऑन-एडिट’ टिक करणाऱ्या माणसाच्याच अधिकाराने चालतं. काकांना कुलपापलीकडे लिहायची परवानगी नाही, तर त्यांच्या टिकेलाही नाही. तिथे ‘इन्स्टॉलेबल ट्रिगर’ लावावा लागतो. तो ज्याने लावला त्याच्या अधिकाराने चालतो. मात्र अशा वेळी फंक्शनला ‘ऑन-एडिट’ हेच नाव ठेवू नका, नाहीतर एका टिकेला ते दोनदा धावेल आणि काकांची एक गाडी दोनदा विकली जाईल.

घरी एक्सेल किंवा लिब्रेऑफिस असेल तर

एक्सेलमध्ये हेच काम व्हीबीएमध्ये होतं. ही भाषा एक्सेलमध्ये १९९३ पासून आहे. शीटच्या ‘बटन्स’ संग्रहाला ‘ॲड’ म्हणायचं आणि चार आकडे द्यायचे: डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची. हे आकडे पॉइंटमध्ये, एका इंचाला ७२. अंदाजाने देऊ नका. ज्या खान्यावर बटण बसवायचं त्याचेच ‘लेफ्ट’, ‘टॉप’, ‘विड्थ’, ‘हाइट’ विचारून द्या, म्हणजे ते खान्यात चपखल बसतं. मग ‘कॅप्शन’मध्ये नाव आणि ‘ऑन-ॲक्शन’मध्ये आपल्या मॅक्रोचं नाव.

नवशिक्यांच्या तीन ठेचा सांगते. एक, कोड परत चालवलं की जुन्या बटणावर दुसरं बटण बसतं, तिसऱ्यांदा तिसरं. दिसतं एकच, असतात तीन. म्हणून आधी जुनी काढून मग नवी घाला. दोन, फॉर्म कंट्रोलमधल्या यादीला जोडलेल्या खान्यात निवडलेला शब्द येत नाही, त्याचा क्रमांक येतो. ‘पिलबाग’ निवडलं तर २ दिसेल. शब्द हवा तर ‘इंडेक्स’ सूत्राने यादीतून काढा. तीन, गूगलमध्ये नव्हता तो गोल गोल फिरण्याचा धोका इथे आहे. ‘वर्कशीट-चेंज’मध्ये कोडने बदल केला तर तेच पुन्हा धावतं. म्हणून आधी ‘एनेबल-इव्हेंट्स’ बंद करा आणि शेवटी न चुकता चालू करा.

लिब्रेऑफिसचं कॅल्क फुकट आहे, पण तिथे बटण दोन तुकड्यांत जन्माला येतं: एक त्याचं मन, म्हणजे ‘कंट्रोल मॉडेल’, आणि एक शरीर, म्हणजे ‘कंट्रोल शेप’. दोन्ही वेगवेगळे बनवून जोडायचे आणि मग पानावर ठेवायचे. मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे ३ सेंटीमीटर रुंद बटणाला ३००० लिहायचं. ३० लिहिलंत तर बटण शोधायला भिंग लागेल.

आणि एक सावधगिरी. मॅक्रो असलेली फाइल कुणीही पाठवली तरी लगेच उघडू नका. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, ती उगाच नाही.

आणि काका?

हंगामाच्या पहिल्या कापणीला मी मुद्दाम गावी गेले. काट्याशेजारी काका उभे. पावती हातात आली. आधी वही काढली, पेनाने लिहिलं. मग चष्मा वर सरकवून फोन. यादीतून नवती निवडली, क्विंटल भरले, किलो भरले, भाव भरला, चौकोनावर टिचकी मारली. टिक आली, दोन क्षण थांबली, निघाली. काकांनी बाजूची ओळ मोठ्याने वाचली आणि वहीशी ताडून पाहिली.

मी म्हटलं, “काका, आता वहीची गरज नाही.”

“राहू दे गं. दोन्ही असले म्हणजे बरं.” मग विचारलं, “हे आत्ता तुझ्या बाबालाही दिसलं असेल ना?”

“हो. लगेच.”

“मग ठीक.”

तेवढ्यात फोन वाजला. बाबांचाच होता. भाव कमी का लागला, असं विचारत होते. काका हसत हसत मंडीतल्या व्यापाऱ्यांना नावं ठेवायला लागले.

या महिन्याचा गृहपाठ: तुमच्या घरी वहीत होणारा एक हिशेब शोधा. दूधवाल्याचा, आजीच्या औषधांचा, मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीचा, कुठलाही चालेल. शीट उघडायच्या आधी तो लिहिणाऱ्याजवळ बसा आणि तो तोंडाने कसं बोलतो ते ऐका. त्याच क्रमाने खाने करा, एक यादी, एक आकड्याची मर्यादा आणि एक टिकचा चौकोन लावा. आणि पाठवायच्या आधी त्याच्याच फोनवर एकदा चालवून बघा. शक्य झालं तर तो समोर असतानाच.